आगपेटीची पाऊणशे वर्षे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो : पुढील बदल भौतिक की रासायनिक ते सांगा. खाली यादी दिलेली असते. बर्फ वितळणे, दुधाचे दही होणे, मीठ पाण्यात विरघळणे, लोखंड गंजणे, काडी मोडणे, काडी पेटणे. मुले भराभर उत्तरे लिहितात. काडी मोडली, बदल भौतिक. काडी पेटली, बदल रासायनिक. अर्धा अर्धा गुण पदरात पडतो आणि विषय तेथेच संपतो.

आज आम्ही त्या शेवटच्या अर्ध्या गुणाविषयी बोलणार आहोत. व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले असावे की, कामगार चळवळीतला माणूस संपावर बोलेल, बोनसवर बोलेल. आम्ही 'आगपेटी' असा विषय कळविला तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. परंतु काडी पेटण्याच्या त्या एका रासायनिक बदलामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच कामगारांचाही आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण थोडक्यात सांगणे भाग आहे. आमचे शालेय शिक्षण नववीतच सुटले. पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावरील सभा आटोपल्यानंतर एक कामगार हळूच जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या खात्यात निळी पिंपं येतात. त्यांच्यावर कवटीचं चित्र आहे अन् खाली इंग्रजीत लिहिलंय. तेवढं वाचून सांगता का?" सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर त्याने ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून आणली होती. आम्ही ती वाचली. अक्षरे लागली, अर्थ लागला नाही. वेतनकराराचे कलम न् कलम तोंडपाठ असलेले आम्ही त्या साध्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. त्या रात्री आमच्या मुलीचे सातवीचे विज्ञानाचे पुस्तक उघडले आणि पहिल्यापासून वाचावयास घेतले. आजचे व्याख्यान त्या वाचनाचेच फळ आहे.

तेव्हा आधी पुस्तकातले दोन शब्द नीट समजून घेऊ. पदार्थाचा गुणधर्म म्हणजे त्याचा स्वभाव. त्याचा रंग, वास, घनता, तो किती उष्णतामानाला वितळतो, कशात विरघळतो, हे झाले भौतिक गुणधर्म. ते पाहताना पदार्थ स्वतः पालटत नाही. थंडीत तूप थिजते, चुलीजवळ पातळ होते, पण ते तूपच राहते. पदार्थ कशाशी संयोग पावतो, कशाने पेटतो, कशाने गंजतो, हे त्याचे रासायनिक गुणधर्म. ते पाहू गेले की पदार्थ पहिला उरत नाही, त्याचा दुसराच पदार्थ होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की परत फिरवता येतो तो भौतिक बदल आणि येत नाही तो रासायनिक. ही खूण सोयीची आहे, अचूक नाही. चिनी मातीचा फुटलेला कप पुन्हा सांधत नाही, तरी तो बदल भौतिकच, कारण तुकडे पूर्वीच्याच मातीचे असतात. खरी कसोटी एकच : नवा पदार्थ तयार झाला की नाही?

आता काडीकडे वळू. आगपेटी येण्यापूर्वी विस्तव ही राखून ठेवण्याची वस्तू होती. रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकावयाचे आणि सकाळी फुंकून फुलवावयाचे. विझलेच तर परळात किंवा गोवरीवर शेजारणीकडून विस्तव मागून आणावयाचा. प्रवासात चकमक आणि गारगोटी. जगभर थोड्याफार फरकाने हीच रीत होती. बोटभर काडी घासून हवा तेव्हा विस्तव निर्माण करणे ही गोष्ट माणसाच्या इतिहासात अगदी कालपरवाची आहे.

१८२७ साली इंग्लंडमधील स्टॉकटन या गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या प्रथम विकावयास काढल्या. त्यांच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण डिंकात कालवून लावलेले असे. या काड्या कधी पेटत, कधी पेटत नसत, आणि पेटल्याच तर ठिणग्या उडवीत. १८३१ च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया या तरुण विद्यार्थ्याने त्या मिश्रणात पांढरा फॉस्फरस घातला आणि अडचण दूर झाली. आता काडी भिंतीवर घासा, बुटाच्या तळव्यावर घासा, दगडावर घासा, ती पेटणारच. काही वर्षांतच या काड्या युरोपभर पसरल्या.

फॉस्फरस तसा आपल्याला परका नाही. आपला शेतकरी खताच्या दुकानात नत्र, स्फुरद, पालाश असे म्हणतो, त्यातला स्फुरद तो हाच. आपल्या हाडांत आणि दातांत तो कॅल्शियम व प्राणवायू यांच्याशी संयोग पावून बसलेला असतो. त्या रूपात तो निरुपद्रवी, किंबहुना जीवनावश्यक आहे. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड या किमयागाराने सोन्याच्या शोधात माणसाचे मूत्र आटवून आटवून तापविले, तेव्हा सोने मिळाले नाही, पण अंधारात चमकणारा मेणासारखा एक पदार्थ हाती आला. संयोगातून सुटलेला हा मोकळा फॉस्फरस म्हणजेच पांढरा फॉस्फरस.

त्याचे गुणधर्म पाहा. रंगाने पांढरा-पिवळसर, मेणासारखा मऊ, सुरीने कापता येणारा. लसणासारखा वास. अवघ्या ४४ अंश सेल्सिअसला तो वितळतो, म्हणजे विदर्भातल्या वैशाखात सावलीतही त्याचे पाणी व्हावयाचे. त्याहूनही कमी, ३०-३५ अंशांच्या आसपास, उघड्या हवेत तो आपोआप पेट घेतो. म्हणून त्याला पाण्याखाली ठेवावे लागते. साध्या खोलीच्या उष्णतामानालाही त्याची वाफ निघत राहते आणि हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होताना अंधारात फिकट हिरवट उजेड दिसतो. आणि तो जहाल विषारी आहे. काड्यांच्या एका पेटीवरील फॉस्फरस माणसाचा जीव घेण्यास पुरा पडे.

पुस्तकात हे गुणधर्म ओळीने लिहिलेले असतात. कारखान्यात ते ओळीने लिहिलेले नसतात, ते माणसाच्या अंगावर येतात. सहज पेट घेतो, हा गुण गिऱ्हाइकाच्या सोयीचा. साध्या उष्णतामानाला वाफ देतो, हा गुण मात्र दिवसभर मिश्रण ढवळणाऱ्याच्या, त्यात काड्या बुडविणाऱ्याच्या आणि वाळलेल्या काड्या कापून पेट्यांत भरणाऱ्या बाईच्या वाट्याला येई. हातांना आणि कपड्यांना तो लागे, जेवणाच्या तुकड्याबरोबर तोंडात जाई. वर्षानुवर्षे असे काम केल्यावर प्रथम दात दुखू लागे. मग हिरडी सुजे, गळू होऊन फुटे, त्यातून असह्य दुर्गंधीचा पू वाहू लागे आणि आतले जबड्याचे हाड मरत जाई. रोग्याशेजारी बसणे घरच्यांना कठीण होई. पुष्कळदा जबडाच काढून टाकावा लागे आणि कित्येक रोगी दगावत. ज्या मूलद्रव्याने हाड बांधले जाते, त्याच मूलद्रव्याचे दुसरे रूप ते हाड खाऊन टाकीत होते. इंग्लंडमधील कामगारांनी या रोगाला 'फॉसी जबडा' असे नाव दिले होते.

१८४५ साली व्हिएन्नामध्ये लोरिन्झर या डॉक्टराने अशा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली आणि हा रोग आगपेट्यांच्या कारखान्यातूनच येतो हे दाखवून दिले. आणि योगायोग असा की त्याच व्हिएन्ना शहरात, त्याच दशकात, त्यावरचा उपायही सापडला. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आंटोन श्रोटर यांनी हवेचा संपर्क टाळून पांढरा फॉस्फरस सुमारे २५० अंशांपर्यंत बराच वेळ तापविला. त्याची तांबूस पूड झाली. बाहेरून काही मिसळले नव्हते, आतून काही गेले नव्हते. फॉस्फरस तोच, अणू तेच. गुणधर्म मात्र निराळे.

तांबड्या फॉस्फरसला वास नाही. तो अंधारात चमकत नाही. उघड्या हवेत ठेवला तरी आपण होऊन पेटत नाही, त्यासाठी अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. पांढरा ज्या कार्बन डायसल्फाइडमध्ये सहज विरघळतो, त्यात हा विरघळत नाही. साध्या उष्णतामानाला त्याची वाफ निघत नाही. आणि मुख्य म्हणजे तो विषारी नाही. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये अणू चार-चारांच्या टोळक्यांनी राहतात आणि त्यांच्यातले बंध धनुष्याच्या दोरीसारखे ताणलेले असतात, म्हणून ते तुटावयास उतावीळ असतात. तांबड्यात ही टोळकी मोडून अणूंच्या लांब साखळ्या होतात आणि ताण उतरतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा निरनिराळ्या रूपांना शास्त्रात अपरूपे म्हणतात. कोळसा आणि हिरा यांचे उदाहरण मुलांना शाळेत सांगतात. आमच्या मते त्याच्या शेजारी पांढऱ्या व तांबड्या फॉस्फरसचे उदाहरण सांगितले पाहिजे, कारण येथे अणूंच्या नुसत्या मांडणीवर माणसाचे मरण अवलंबून होते.

पुढची पावले भराभर पडली. १८४४ मध्येच स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांना एक युक्ती सुचली होती : पेटविणारी द्रव्ये सगळी काडीच्या गुलात न ठेवता दोन ठिकाणी विभागावी, काही गुलात आणि फॉस्फरस पेटीच्या अंगावर. बर्मिंगहॅमजवळचे कारखानदार आर्थर ऑल्ब्राइट यांनी तांबडा फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत बसविली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला. स्वीडनमधील यंशपिंग गावच्या युहान एडवर्ड लुंडस्ट्रम यांनी हे सारे जुळवून १८५५ साली सुरक्षित आगपेटी बाजारात आणली.

आपल्या खिशात किंवा देवघरात जी आगपेटी आहे ती याच घराण्यातली. तिच्या गुलात फॉस्फरस मुळीच नसतो. तेथे पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस असतो. फॉस्फरस असतो तो पेटीच्या करड्या-तपकिरी पट्टीत, काचेच्या पुडीसह, आणि तो तांबडा. काडी घासली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने त्या पट्टीवरील किंचित फॉस्फरस भडकतो. त्याच्या आचेने गुलातले क्लोरेट प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूत गंधक जळतो, मग काडीत मुरविलेले मेण वितळून त्याची वाफ पेटते आणि शेवटी लाकूड पेट घेते. मेण वितळणे हा भौतिक बदल, बाकीचे रासायनिक. डोळ्याचे पाते लवण्याइतक्या अवधीत ही सगळी साखळी पुरी होते. नुसत्या काड्या भिंतीवर घासल्या तर त्या पेटत नाहीत हा आपला रोजचा अनुभव आहे. त्या न पेटण्यातच सुरक्षितता आहे.

म्हणजे हिशेब असा झाला. रोग कळला १८४५ मध्ये. निरुपद्रवी फॉस्फरस हाती आला त्याच दशकात. निरुपद्रवी आगपेटी बाजारात आली १८५५ मध्ये. आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचा करार अनेक राष्ट्रांनी मिळून बर्न शहरी केला, तो १९०६ मध्ये. सोरियाच्या काडीपासून बर्नच्या करारापर्यंत ही पाऊणशे वर्षे होतात, आणि त्यातली शेवटची पन्नास अशी आहेत की उत्तर फळ्यावर लिहिलेले होते, पण ते कोणी वाचावयास तयार नव्हते.

असे का झाले? मालकाचा लोभ, असे एका शब्दात सांगून आम्हाला टाळ्या मिळविता आल्या असत्या. परंतु इतिहास तितका सरळ नाही. पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त पडे, तांबड्याची महाग. ही तर गोष्ट खरीच. पण दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या सवयीत होते. कोठेही घासून पेटणारी काडी लोकांना हवी होती. पेटी बरोबर बाळगा आणि तिच्याच अंगावर घासा, ही अट त्यांना जाच वाटे. लंडनच्या ब्रायंट अँड मे या कंपनीने लुंडस्ट्रमच्या सुरक्षित आगपेटीचे इंग्लंडपुरते हक्क १८५५ सालीच विकत घेतले होते. त्याच कंपनीच्या बो भागातील कारखान्यात पुढे सुरक्षित काड्याही होत आणि पांढऱ्या फॉस्फरसच्याही, कारण दुसऱ्यांना खप मोठा. विषाला पर्याय कोठे दूर परदेशात नव्हता. तो त्याच आवारात तयार होत होता.

या कारखान्यातील १८८८ चा संप कामगार चळवळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथे मुख्यतः बायका आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली काम करीत. २३ जून १८८८ रोजी 'द लिंक' या साप्ताहिकात ॲनी बेझंट यांचा लेख आला. त्याला त्यांनी 'लंडनमधील गोरी गुलामगिरी' अशा अर्थाचा मथळा दिला होता. होय, याच त्या बेझंटबाई, ज्या १८९३ साली हिंदुस्थानात आल्या, लोकमान्यांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ चालविती झाल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. मुलींची तुटपुंजी मजुरी, बोलल्याबद्दल, पाय मळके असल्याबद्दल, उशीर झाल्याबद्दल कापले जाणारे दंड, हे सारे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. लेखातले आरोप खोटे आहेत अशा कागदावर कामगारांनी सह्या कराव्या असा कंपनीने आग्रह धरला. मुलींनी सह्या केल्या नाहीत. एकीला कामावरून काढले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या.

हा संप बेझंटबाईंनी घडविला असे पुष्कळ दिवस लिहिले जात असे. वास्तविक त्यांनी हाक दिली होती ती मालावर बहिष्कार घालण्याची. अलीकडे लुईस रॉ या इतिहाससंशोधिकेने जुने कागद तपासून दाखविले आहे की, संप मुलींनी आपल्या बुद्धीने आणि आपल्या पुढारीपणाखाली केला, बाई मागाहून मदतीस आल्या. फाटकावर उभे राहिलेल्या कोणाही माणसाला हे पटेल. लेखाने संप होत नसतो. लेखाने फार तर मनातले बोलावयास धीर येतो.

पंधरवड्याच्या आतच तडजोड झाली. दंड रद्द झाले, कापाकापी थांबली, कामगार स्त्रियांची युनियन स्थापन झाली आणि जेवणासाठी वेगळी खोली देण्याचे कबूल झाले. आज वाचणाऱ्याला ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल. परंतु ज्या बाकावर फॉस्फरस सांडलेला, त्याच बाकावर भाकरी सोडावयाची, ही गोष्ट त्या खोलीने बंद होणार होती. रसायनशास्त्राचा एक धडा त्या मुलींनी करारात लिहून घेतला, असे आम्ही म्हणतो.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आमच्या चळवळीतले वक्ते ती बहुधा गाळतात. संप जिंकला, पण पांढरा फॉस्फरस गेला नाही. तो त्या कारखान्यात आणखी बारा-तेरा वर्षे होता. दंडाचा पैसा डोळ्यांना दिसतो, वाफ दिसत नाही. पगाराच्या कापाकापीविरुद्ध माणूस आज उभा राहतो. दहा वर्षांनी जबड्यात उतरणाऱ्या विषाविरुद्ध उभे राहावयाचे तर आधी ते विष आहे हे ठाऊक असावे लागते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत निरनिराळ्या बाजूंनी रेटा वाढला. १८९१ मध्ये मुक्तिफौजेने लंडनमध्येच स्वतःचा कारखाना काढून तांबड्या फॉस्फरसच्या काड्या केल्या आणि कामगारांना बाजारभावाहून जास्त मजुरी दिली. धंदा फार दिवस तगला नाही, पण विषाशिवाय आगपेटी होऊ शकते हे लोकांना दिसले. १८९५ च्या कायद्याने फॉस्फरसच्या विषबाधेचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणे इंग्लंडमध्ये सक्तीचे झाले. आणि १८९८ मध्ये उघडकीस आले की ब्रायंट अँड मे कंपनीने सतरा रोगी कळविलेच नव्हते. तिला दंड झाला तो खर्चासह पंचवीस पौंडांच्या आसपास. दंडाची रक्कम हास्यास्पद होती, पण वर्तमानपत्रांतून झालेली नाचक्की भारी पडली. १९०१ मध्ये कंपनीने पांढरा फॉस्फरस सोडला.

अखेरची गाठ सोडविली ती फ्रान्सने. तेथे आगपेट्यांचा धंदा सरकारी मक्तेदारीचा होता आणि कामगारांच्या संघटनेने या विषाविरुद्ध सतत गाऱ्हाणी व संप चालविले होते. सरकारी कारखान्यांतील सेवेन व काएन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये फॉस्फरस आणि गंधक यांच्या सेस्क्विसल्फाइड नावाच्या संयुगाची काडी तयार केली. ती कोठेही घासली तरी पेटे, आणि तिने जबडा सडत नसे. येथे पाहा, पांढऱ्याचे तांबडे करताना नुसती अणूंची मांडणी पालटली होती. या वेळी दुसऱ्या मूलद्रव्याशी संयोग घडवून नवाच पदार्थ केला आणि त्याचा स्वभाव हवा तसा आला. गिऱ्हाइकाची सवयही राहिली आणि कामगाराचे हाडही राहिले. सबबीला जागा उरली नाही.

फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये आधीच बंदी घातली होती. पण एका देशाने बंदी घातली की दुसऱ्या देशाचा स्वस्त विषारी माल बाजारात येई, म्हणून बर्नचा करार आवश्यक झाला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा करून १९१० च्या आरंभापासून बंदी अमलात आणली. अमेरिकेने १९१२ मध्ये अशा काड्यांवर जबर कर बसवून त्या बाजारातून हुसकल्या. हिंदुस्थानात १९१३ चा पाचवा कायदा झाला आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या आणणे, करणे व विकणे बंद झाले. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन वॉशिंग्टनला भरले, तेव्हा तिने केलेल्या शिफारशींत एक हीच होती की, उरलेल्या राष्ट्रांनी बर्नच्या करारात सामील व्हावे.

आपल्याकडे आगपेटीचा धंदा मोठ्या प्रमाणावर वाढला तो या बंदीनंतर. स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी १९२३ साली निघाली आणि मुंबईजवळ अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. यंशपिंगची विद्या अशी उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरली. त्याच सुमारास तमिळ मुलुखातील शिवकाशीचे दोन तरुण, अय्य नाडार आणि षण्मुग नाडार, कलकत्त्यास जाऊन हे काम शिकून आले आणि त्या कोरड्या प्रदेशात घरोघर काड्यापेट्या होऊ लागल्या. फॉसी जबडा त्यांच्या वाट्याला आला नाही, कारण कायदा आधीच झाला होता. पण लहान मुलांची बोटे मात्र पेट्या भरण्याला वर्षानुवर्षे जुंपली गेली. शिवकाशीच्या बालमजुरांविषयीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९९६ साली. विष गेले म्हणजे अन्याय गेला असे नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चालत नाही, त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून झगडावे लागते.

हा इतिहास वाचताना आम्हाला राहून राहून वाटते की, श्रोटर यांची तांबडी पूड आणि बोच्या कारखान्यातले बाक यांच्यामध्ये जे अंतर होते, ते मैलांचे नव्हते आणि ज्ञानाच्या अभावाचेही नव्हते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट आपल्या पायांनी कारखान्यात चालत येत नाही. तिला कोणीतरी उचलून आणावे लागते. कोणी डॉक्टर हकिगत लिहितो, कोणी कारखाना-तपासनीस नोंद करतो, कोणी पत्रकार लेख लिहितो, कोणी संशोधक नवे संयुग शोधतो, आणि चौदाशे जणी सही करावयाचे नाकारतात. यातले एकही माणूस एकट्याने पुरेसे नव्हते, आणि एकालाही गाळले असते तर पाऊणशेची शंभर वर्षे झाली असती.

आणि ही गोष्ट संपलेलीही नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोग्यांना जी बिसफॉस्फोनेट नावाची औषधे देतात, त्यांच्यामुळे काही रोग्यांत जबड्याचे हाड मरते असे २००३ पासून वैद्यकात नोंदले गेले आहे. त्या वेळी पुष्कळ डॉक्टरांना जुन्या आगपेटी कामगारांच्या हकिगती पुन्हा काढून वाचाव्या लागल्या. त्या मुलींचे दुखणे अशा रीतीने दीडशे वर्षांनी दुसऱ्या रोग्यांच्या उपयोगी पडले.

त्या निळ्या पिंपाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्यातल्या द्रवाचा स्वभाव काय, त्याची वाफ कितपत निघते, ती अंगात गेल्यावर काय होते, हे एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी आम्हाला दोन संध्याकाळी बसून समजावून दिले. ते आम्ही साध्या मराठीत एका कागदावर उतरवून खात्यातल्या कामगारांपुढे वाचले. भोपाळच्या १९८४ च्या अपघातानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला अशी माहिती मागण्याचा हक्क लिहून मिळाला होता. तो हक्क त्या दिवशी प्रथम वापरला गेला. सहा महिन्यांनी त्या खात्यात वाफ ओढून घेणारा पंखा बसला. ज्याने अक्षरे उतरवून आणली होती तो कामगार म्हणाला, "भाऊ, एवढं शाळेतच शिकवलं असतं तर!"

वास्तविक शाळेत ते शिकविलेले असतेच. फक्त त्याला अर्ध्या गुणाचे करून टाकलेले असते. म्हणून श्रोत्यांना विनंती एवढीच की, आज घरी गेल्यावर मुलाला किंवा नातीला जवळ बोलवावे आणि एक काडी घासून दाखवावी. काडी मोडणे आणि काडी पेटणे यातला फरक विचारावा. त्याचे उत्तर बरोबर आले की आणखी दोन प्रश्न विचारावे : ही पट्टी तांबडी का आहे, आणि ती पांढरी होती तेव्हा पेट्या कोण भरीत होते?